मानवी जनुक आणि पेटंट: दाव्याच्या पहिल्या ओळीपासून सुनावणीपर्यंत

मानवी जनुकाशी संबंधित अर्जाची फाइल टेबलावर आली की आधी दावा क्रमांक १ वाचायचा (दावा म्हणजे नेमक्या कशावर हक्क मागितलाय ते सांगणारं वाक्य), बाकी सगळं नंतर. बहुतेक मसुद्यांत तिथे एकच साचा असतो: ‘वेगळा काढलेला डीएनए, ज्याचा क्रम सीक्वेन्स आयडी क्रमांक १ मध्ये दिला आहे.’ (अर्ज इंग्रजी किंवा हिंदीतच भरावा लागतो, इथले दावे समजावेत म्हणून मराठीत मांडलेत.) हा साचा १९९०च्या दशकातल्या अमेरिकी पेटंटांवरून उतरवलेला असतो. महाराष्ट्र आणि गोव्यातले अर्ज मुंबईत अँटॉप हिलच्या पेटंट ऑफिसात जातात, आणि तिथे ‘वेगळा काढलेला’ या शब्दांना काहीही वजन नाही. पेटंट कायद्याचं कलम ३(सी) सरळ सांगतं की निसर्गात असलेल्या सजीव वा निर्जीव पदार्थाचा नुसता शोध म्हणजे नवनिर्मिती नव्हे. पेटंट ऑफिसने मार्च २०१३ मध्ये जैवतंत्रज्ञानाच्या अर्जांसाठी तपासणीची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांतही तेच आहे: निसर्गातून थेट वेगळी काढलेली न्यूक्लिक आम्लं आणि प्रथिनं पेटंटला पात्र नाहीत, ती वेगळी काढण्याची पद्धत नवी असेल तर तिचा विचार होऊ शकतो.

तेव्हा ‘मानवी जनुकावर पेटंट असावं का’ हा वाद आपल्याकडे तत्त्वाच्या पातळीवर मिटलेला आहे. प्रत्यक्ष कामात तो वेगळ्याच रूपात रोज उभा राहतो: नैसर्गिक जनुक कुठे संपतं आणि माणसाने केलेलं काम कुठे सुरू होतं? ती रेघ दाव्याच्या शब्दांत आखावी लागते. चुकीच्या जागी आखली तर तीन-चार वर्षांनी सुनावणीत पुसली जाते.

जुना साचा आला कुठून, ते थोडक्यात. स्तनाच्या आणि बीजांडकोशाच्या कर्करोगाशी जोडलेलं बीआरसीए१ हे जनुक १७व्या गुणसूत्रावर आहे, हे मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये दाखवलं. १९९४ मध्ये युटा विद्यापीठ आणि मिरियड जेनेटिक्सच्या गटाने त्याचा क्रम काढला आणि पेटंटं घेतली. ‘२८२’ या शेवटच्या आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या पेटंटचा पहिला दावा होता: बीआरसीए१चं प्रथिन बनवण्याची माहिती असलेला, वेगळा काढलेला डीएनए. दुसऱ्या दाव्यात सीडीएनएचा, म्हणजे प्रयोगशाळेत आरएनएवरून बनवलेल्या डीएनएचा, क्रम. आणि पाचव्यात, पहिल्या दाव्यातल्या डीएनएचा किमान १५ अक्षरांचा कोणताही तुकडा.

हा पाचवा दावा कागदावर सोडवून बघण्यासारखा आहे, कारण अशी चूक आजही मसुद्यांत दिसते. डीएनएची अक्षरं चार. १५ जागा. चाराचा १५वा घात म्हणजे १०७ कोटी ३७ लाखांच्या आसपास वेगवेगळे तुकडे. माणसाचा जीनोम ३०० कोटींहून जास्त अक्षरांचा. म्हणजे कोणताही एक १५ अक्षरी तुकडा निव्वळ योगायोगानेसुद्धा जीनोमच्या एका धाग्यात तीनेक वेळा सापडायचा. आणि हा दावा एका तुकड्यावर नव्हता, त्या लांबलचक डीएनएतल्या प्रत्येक तुकड्यावर होता. यकृताच्या कुठल्यातरी जनुकावर काम करणाऱ्याच्या प्रायमरलाही (डीएनएची नक्कल सुरू करणारा छोटा तुकडा) तो लागू पडला असता. पाच अक्षरं वाढवून २० केली की योगायोगाची संख्या हजारपटीने उतरते, म्हणून पीसीआरचे (डीएनएच्या असंख्य नकला करण्याच्या पद्धतीचे) प्रायमर साधारण १८ ते २५ अक्षरांचे ठेवतात. दावा लिहिणाऱ्याला हे माहीत नव्हतं असं मानायला जागा नाही. त्याला जाळं मोठं हवं होतं.

२००९ मध्ये एसीएलयू या अमेरिकेतल्या नागरी हक्क संघटनेने डॉक्टर, संशोधक आणि रुग्णांच्या वतीने मिरियडच्या पेटंटांविरुद्ध खटला दाखल केला आणि १३ जून २०१३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला: वेगळा काढलेला नैसर्गिक डीएनए पेटंटला पात्र नाही, सीडीएनए पात्र आहे. कारण बीआरसीए१ जीनोममध्ये सुमारे ८०,००० अक्षरांत पसरलेलं आहे आणि इंट्रॉन, म्हणजे प्रथिनाची माहिती नसलेले मधले भाग, गाळून तयार केलेला सीडीएनए साधारण ५,५०० अक्षरांचा. तो त्या रूपात शरीरात बसलेला नसतो. न्यायालयाने एक पाचरही मारून ठेवली: सीडीएनएचा तुकडा इतका छोटा असेल की त्यात गाळायला इंट्रॉनच नव्हता, तर तो नैसर्गिक डीएनएपेक्षा वेगळा ठरत नाही. ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने ७ ऑक्टोबर २०१५ रोजी आणखी पुढे जाऊन सीडीएनएलाही नकार दिला: तुम्ही पदार्थावर हक्क मागताय असं भासवता, मागताय मात्र माहितीवर. युरोपची वाट उलटी. १९९८च्या निर्देशाचं कलम ५ म्हणतं की शरीरातलं जनुक जसंच्या तसं पेटंटला चालणार नाही, पण तांत्रिक प्रक्रियेने वेगळं काढलेलं, रचना तंतोतंत तीच असली तरी, चालू शकेल. फक्त त्याचा औद्योगिक उपयोग अर्जातच सांगितला पाहिजे.

याचा व्यवहारातला अर्थ असा की एकच मसुदा चार देशांत पाठवायचा विचार सोडून द्यायचा. युरोपसाठी लिहिलेला पहिला दावा मुंबईत पडतो. आणि इथे तो नंतर दुरुस्त करू म्हटलं तर कलम ५९ आडवं येतं: दुरुस्तीने दावा आखडता घेता येतो, पसरता येत नाही. मूळ दाव्यांत जे नव्हतं ते पुढे आत घेता येत नाही. परदेशी सहकाऱ्यांनी तयार केलेल्या अर्जात सगळे दावे ‘अमुक रोगावर उपचार करण्याची पद्धत’ अशा धाटणीचे असतात. उपचारपद्धती इथे कलम ३(आय)खाली बाद होते, आणि मग ‘तर त्याऐवजी औषधी मिश्रणावर दावा घेतो’ म्हणता येत नाही, कारण तो प्रकार मुळात नव्हताच. म्हणून भारतात प्रवेश करण्यापूर्वी, पहिल्या अर्जापासूनची ३१ महिन्यांची मुदत संपायच्या बऱ्याच आधी, भारतीय दाव्यांचा एक संच आंतरराष्ट्रीय अर्जात असल्याची खात्री करावी. हे काम पहिल्या मसुद्याच्या दिवशी अर्ध्या तासाचं असतं. नंतर ते होतच नाही.

नैसर्गिक आणि बदललेलं यातला फरक किती बारीक असू शकतो हे इन्सुलिनवरून छान समजतं. मानवी इन्सुलिनमध्ये ५१ अमिनो आम्लं असतात, ए साखळीत २१ आणि बी साखळीत ३०. हा क्रम निसर्गाचा. आता बी साखळीतल्या २८व्या जागेवरचं प्रोलीन आणि २९व्या जागेवरचं लायसीन यांची अदलाबदल केली की लिस्प्रो इन्सुलिन होतं. रेणू एकमेकांना कमी चिकटतात, त्यामुळे इंजेक्शननंतर ते लवकर रक्तात उतरतं. ५१ पैकी दोन जागा, पण त्या कोणत्या निवडायच्या आणि त्याने काय साधतं हे माणसाने शोधलं. आमच्या मते पेटंट या कामाला मिळावं, ५१ अक्षरांच्या मूळ यादीला नाही. यादी कोणीतरी वाचणारच होतं.

आता प्रत्यक्ष प्रक्रिया. पहिली अडचण अर्जाच्याही आधीची असते: शोध आधीच उघड झालेला असतो. जर्नलमधला पेपर सगळ्यांच्या लक्षात असतो; राहून जातात दोन गोष्टी. एक, पीएचडीचा प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यावर चढवलेला असतो आणि त्याच्या परिशिष्टात प्लास्मिडचा (जनुक वाहून नेणाऱ्या गोल डीएनएचा) पूर्ण नकाशा आणि क्रम असतो. दोन, जेनबँक या सार्वजनिक साठ्यात क्रम जमा करताना ‘लगेच प्रसिद्ध करा’ हा पर्याय निवडलेला असतो. जेनबँक क्रम पुढच्या तारखेपर्यंत राखून ठेवायची सोय देते, तिथे तारीख टाकायची असते, एवढंच. भारतात प्रसिद्धीनंतरची सवलत फार अरुंद आहे, ‘आमचाच पेपर आहे’ हे उत्तर चालत नाही. घाई असेल तर तात्पुरतं स्पेसिफिकेशन (शोधाचं लेखी वर्णन) भरून तारीख घ्यावी. १२ महिन्यांत पूर्ण स्पेसिफिकेशन द्यावं लागतं. तात्पुरत्या अर्जातही पूर्ण क्रम टाकावा. ‘एक विशिष्ट जनुक’ असं मोघम लिहून मिळवलेली तारीख नंतर त्या क्रमाच्या दाव्याला उपयोगी पडत नाही.

दुसरी अडचण परदेशी सहकाऱ्यांची. शोधकांपैकी एक जण भारतात राहणारा असेल आणि अर्ज आधी अमेरिकेत गेला, तर परदेशात अर्ज करण्यासाठीची कलम ३९ची परवानगी आधी घ्यायला हवी होती. फॉर्म २५ भरून ती मागता येते, किंवा भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबायचं. हे चुकलं तर कलम ४०नुसार भारतातला अर्ज सोडून दिल्याचं मानतात, आणि कलम ११८खाली शिक्षेची तरतूदही आहे. पुण्यात प्रयोग आणि बॉस्टनमध्ये विश्लेषण अशा जोडकामात हे फार वेळा राहून जातं, कारण तिकडच्या विद्यापीठाचा वकील फक्त स्वतःच्या देशाचं बघतो.

मग क्रमांची यादी, म्हणजे सीक्वेन्स लिस्टिंग. १ जुलै २०२२ पासून ती विपो या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या एसटी.२६ या मानकानुसार एक्सएमएलमध्ये करतात, आधीचं एसटी.२५ साध्या मजकुराचं होतं. विपो सीक्वेन्स नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यातच करावी. वर्ड फाइलमधून ओढाताण करून केलेली यादी पडताळणीत अडकते. नेमकेपणाने ठरलेली १० किंवा अधिक न्यूक्लिओटाइड्स, किंवा ४ किंवा अधिक अमिनो आम्लं असलेला प्रत्येक क्रम यादीत हवाच. त्याहून छोटे घालायला मनाई. त्यामुळे सगळे प्रायमर आत येतात, आकृतीत छापलेला २० अक्षरांचा तुकडासुद्धा. आकृतीतले क्रम विसरणं ही सर्वांत नेहमीची चूक. आरएनए असला तरी यादीत यू ऐवजी टी लिहायचा. इथेही लोक अडखळतात, आणि मग स्पेसिफिकेशनमधला क्रम आणि यादीतला क्रम जुळत नाही.

या यादीत एक साधा दिसणारा रकाना आहे: जीवाचं नाव. त्यात होमो सेपियन्स भरलं आणि रेणूचा प्रकार ‘जीनोमिक डीएनए’ निवडला, की तुम्ही स्वतःच लिहून दिलंत की हा क्रम निसर्गातला आहे. पहिल्या तपासणी अहवालात परीक्षक कलम ३(सी)च्या हरकतीसोबत हीच ओळ समोर ठेवतो. याचा अर्थ खोटं भरावं असा नाही. परीक्षक ब्लास्ट हे क्रम ताडून बघणारं साधन चालवतो आणि १०० टक्के जुळणी अर्ध्या मिनिटात दिसते. करायचं असं की मूळ मानवी क्रम होमो सेपियन्स म्हणून वेगळा द्यायचा, आणि ज्यावर दावा आहे ती पूर्ण रचना, म्हणजे प्रमोटर (जनुक चालू करणारा भाग), बदललेला कोडिंग भाग (प्रथिनाची माहिती), टॅग (ओळखखूण), टर्मिनेटर (थांबवणारा भाग) असं सगळं जोडून, वेगळ्या क्रमांकाने ‘सिंथेटिक कन्स्ट्रक्ट’ म्हणून द्यायची. दावा त्या दुसऱ्या क्रमांकावर बांधायचा. अनेक मसुद्यांत जोडलेली रचना यादीत नसतेच, फक्त सुटे भाग असतात, आणि सुटे भाग सगळे निसर्गातले.

कार-टी पेशी, म्हणजे कर्करोगाशी लढण्यासाठी जनुक घालून बदललेल्या रोगप्रतिकारक पेशी, त्यांचं जनुक याचं चांगलं उदाहरण. या उपचाराची पहिली भारतीय आवृत्ती, नेक्सकार१९, आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून उभी राहिली आणि तिला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. अशा रचनांमध्ये साधारणपणे कर्करोगाची पेशी ओळखणारा प्रतिपिंडाचा तुकडा, मग सीडी८चा बिजागरीसारखा भाग, मग ४-१बीबीचा आणि सीडी३ झीटाचा आतला भाग असतो. सीडी८, ४-१बीबी, सीडी३ झीटा ही तिन्ही मानवी जनुकं आपल्या सगळ्यांच्या पेशींत आहेत. एका ओळीत, या क्रमाने जोडलेली मात्र कोणाच्याही शरीरात नाहीत. दावा त्या जोडणीवर करायचा, आणि जोडाच्या जागा, म्हणजे कितव्या अमिनो आम्लापासून कितव्यापर्यंत, आकड्यांत द्यायच्या.

खर्चाचा हिशेब इथेच मांडतो, कारण यादी लांबली की तो बदलतो. ई-फायलिंगचं मूळ शुल्क व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग आणि शैक्षणिक संस्थांना १,६०० रुपये, इतरांना ८,०००. त्यात ३० पानं आणि १० दावे बसतात. पुढच्या प्रत्येक पानाला १६० किंवा ८००, प्रत्येक दाव्याला ३२० किंवा १,६००. सीक्वेन्स लिस्टिंगच्या प्रत्येक पानाला पुन्हा १६० किंवा ८००, कमाल २४,००० किंवा १,२०,०००. समजा महाविद्यालयाचा अर्ज आहे: ६० पानं, २० दावे, ४० पानांची यादी. १,६०० अधिक ४,८०० अधिक ३,२०० अधिक ६,४०० म्हणजे १६,०००. मोठ्या कंपनीला तोच अर्ज ८०,०००. तपासणीसाठी फॉर्म १८चे ४,००० किंवा २०,००० वेगळे, आणि १५ मार्च २०२४ नंतरच्या अर्जांना तो प्राधान्य तारखेपासून (सर्वांत पहिल्या अर्जाच्या तारखेपासून) ३१ महिन्यांत भरावा लागतो. आधी ४८ होते, आणि जुन्या सवयीने चालणाऱ्या संस्था इथे फसतात. सवलतीसाठी फॉर्म २८ आणि पुरावा पहिल्याच दिवशी जोडावा.

जैवविविधतेच्या परवानगीवरून बराच गोंधळ असतो. २००२च्या जैवविविधता कायद्यात ‘जैविक संसाधन’ या व्याख्येतून मानवी जनुकीय सामग्री वगळलेली आहे. त्यामुळे रुग्णाच्या रक्तातून काढलेल्या डीएनएसाठी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे जायची गरज नाही, आणि तशी हरकत आली तर कलम २(सी)चा दाखला पुरतो. पण जनुक माणसाचं असलं तरी ते ज्यात वाढवलं ते यीस्ट पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या एनसीआयएम संग्रहातून आणलेलं असेल, किंवा एखादा जिवाणू सह्याद्रीतल्या मातीतून काढलेला असेल, तर तो भारतातून मिळवलेला जैविक स्रोत ठरू शकतो. फॉर्म १मधल्या घोषणेत तो लपवला की पुढे त्रास. २०२३च्या दुरुस्तीनंतर ही मंजुरी किंवा नोंदणी पेटंट मिळण्याआधी लागते, म्हणून तपासणी अहवालाची वाट न बघता प्रकरण सुरू करावं. नवा जिवाणू शब्दांत पूर्ण वर्णन करता येत नसेल तर तो बुडापेस्ट कराराखालच्या संग्रहात जमा करायचा. पुण्याचं एनसीएमआर, पूर्वीचं एमसीसी, असं एक अधिकृत केंद्र आहे, चंडीगडचं एमटीसीसी दुसरं. जमा करण्याची तारीख अर्जाच्या तारखेनंतरची असून चालत नाही. क्रमाने पूर्ण वर्णन होत असेल तर प्लास्मिड जमा करायच्या खटपटीत पडू नये.

रुग्णांच्या संमतीपत्राबद्दल पेटंट ऑफिस विचारत नाही, गुंतवणूकदार विचारतो. आयसीएमआरच्या २०१७च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत नमुन्यांच्या व्यापारी वापराची कल्पना देण्याचा आणि लाभात वाट्याचा मुद्दा आहे. ‘संशोधनासाठी वापर’ एवढंच लिहिलेलं संमतीपत्र पाच वर्षांनी कंपनी स्थापताना गळ्यात येतं.

पहिला तपासणी अहवाल हाती आल्यावर उत्तराला सहा महिने, आणि मुदत संपायच्या आत मागितली तर आणखी तीन. जनुकाच्या अर्जात हरकती ठरावीक चालीने येतात. ३(सी), मग ३(डी), म्हणजे माहीत असलेल्या पदार्थाचं नुसतं नवं रूप, मग कल्पकतेचा अभाव, मग अपुरं वर्णन. ३(सी)ला उत्तर म्हणून ‘आम्ही प्रयोगशाळेत बनवला’ एवढं सांगून भागत नाही. जीवाणूत जास्त चांगलं उत्पादन व्हावं म्हणून मानवी जनुकाचे कोडॉन (एकेका अमिनो आम्लासाठीचे तीन अक्षरी शब्द) बदलले असतील तर मूळ डीएनएशी जुळणी बऱ्याचदा ८० टक्क्यांच्या आसपास उतरते, प्रथिन मात्र तेच राहतं. ३(सी) त्याने सुटतं, पण परीक्षक लगेच म्हणतो की कोडॉन बदलणं हे नेहमीचं काम, त्यात कल्पकता कसली? इथे आकडे लागतात. मूळ जनुक आणि बदललेलं जनुक, दोन्ही त्याच प्लास्मिडमध्ये, त्याच इ. कोलाय वाणात, त्याच तापमानाला, तेवढ्याच आयपीटीजीवर (जनुक चालू करणारं रसायन), किमान तीन स्वतंत्र वेळा. प्रतिलिटर किती मिलिग्रॅम विरघळणारं प्रथिन मिळालं आणि फरकाची विचलन श्रेणी काय. बहुतेक फायलींत फक्त बदललेल्या जनुकाचा एक जेलचा फोटो असतो. तुलना नाही, म्हणून उत्तर नाही. हे प्रयोग मागाहून करून प्रतिज्ञापत्रावर देता येतात, पण त्यांचा पाया मूळ अर्जात असावा लागतो.

‘९० टक्के साम्य असलेला कोणताही क्रम’ ही ओळही अशीच महागात पडते. ४०० अमिनो आम्लांच्या प्रथिनात ९० टक्के म्हणजे ४० जागा मोकळ्या सोडल्या, आणि प्रत्येक जागेला १९ पर्याय. अर्जात करून दाखवलेले बदल असतात तीन किंवा चार. अपुऱ्या वर्णनाची हरकत इथेच पक्की होते. पण त्याहून मजेशीर गोष्ट म्हणजे चिंपांझीची बहुतेक प्रथिनं माणसाच्या प्रथिनांशी ९० टक्क्यांच्या कितीतरी वर जुळतात. म्हणजे बदललेल्या मानवी प्रथिनावरचा दावा चिंपांझीच्या शरीरातल्या नैसर्गिक प्रथिनालाही कवेत घेतो, आणि ३(सी) मागच्या दाराने परत येतं. साम्य लिहायचंच तर ‘अमुक जागेवर अमुक बदल कायम ठेवून’ ही अट जोडायची.

पेशींचे दावे कलम ३(जे)मध्ये अडकतात. सूक्ष्मजीव चालतात, पण प्राणी किंवा त्यांचा कोणताही भाग चालत नाही, आणि प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या एचईके२९३ (मानवी) किंवा सीएचओ (हॅमस्टरच्या) पेशींना ‘प्राण्याचा भाग’ म्हणणारी हरकत नेहमी येते. पेशीवरचा दावा सोडून ‘त्या पेशीत प्रथिन तयार करण्याची प्रक्रिया’ यावर येणं हा सोयीचा रस्ता, अर्थात तो दावा मुळात लिहून ठेवला असेल तर.

निदानाचा भाग सर्वांत अवघड, आणि खरा पैसाही तिथेच. अमुक बदल दिसला तर तमुक रोगाचा धोका, हा संबंध स्वतः निसर्गाचा. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२च्या मेयो निकालानंतर असे दावे फारसे उभे राहत नाहीत. आपल्याकडे ३(आय) निदानाच्या पद्धती वगळतं, आणि नमुना शरीराबाहेर, नळीत तपासला म्हणून सुटका होत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने हाँगकाँगचं चिनी विद्यापीठ आणि सीक्वेनॉम यांच्या अपिलात मर्यादा स्पष्ट केली: ज्या प्रक्रियेतून रोग उघड होतो ती बाद, नुसती मोजणी, जिच्यातून रोगाचं निदान होत नाही, ती बाद नाही. त्या अर्जात आईच्या रक्तातल्या गर्भाच्या डीएनएचं प्रमाण मोजायचं होतं, ते टिकलं. गंमत म्हणजे याच सीक्वेनॉमचं याच क्षेत्रातलं दुसरं पेटंट अमेरिकेच्या फेडरल सर्किटने २०१५ मध्ये रद्द ठरवलं होतं.

या प्रकारच्या अर्जात आणखी एक खड्डा आहे. गर्भाच्या डीएनएचं प्रमाण मोजायचा सोपा मार्ग वाय गुणसूत्राचा, आणि तो दाव्यात आला की लिंगनिदानाचा विषय निघतो. गर्भलिंग चाचण्यांवर राज्य पातळीवर पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४चा. सार्वजनिक नीतिमत्तेचं कलम ३(बी) इथे लागू शकतं. वाय टाळून तुकड्यांच्या लांबीवर जावं: आईचे तुकडे साधारण १६६ अक्षरांच्या आसपास, गर्भाचे १४३च्या आसपास, एवढा फरक मोजायला पुरतो.

किट म्हणून प्रायमरचा दावा नेला तर पद्धतीची हरकत टळते, पण सुट्या प्रायमरवर ३(सी) आणि एकत्र किटवर ३(ई), म्हणजे नुसतं मिश्रण, अशा दोन्ही बाजूंनी मार बसतो. प्रायमरवर फ्लुरोसंट रंग, मुद्दाम बदललेलं अक्षर किंवा निसर्गात नसलेली शेपटी असेल, आणि त्यामुळे संवेदनशीलता इतकी वाढली हे मोजून दाखवलं, तर जागा मिळते.

आमचं मत विचाराल तर जनुकावर पेटंट नको, रचनेवर हवं, आणि निदानाबाबत कायदा थोडा जास्त कडक आहे. पेटंट मिळत नाही म्हणून माहिती खुली होतेच असं नाही. मिरियडने रुग्णांच्या नमुन्यांतून कोणता बदल घातक आणि कोणता निरुपद्रवी याचा जो साठा जमवला, तो पेटंट गेल्यावरही कंपनीच्याच ताब्यात राहिला. तशी खुली माहिती जमा करायला इतर प्रयोगशाळांना क्लिनव्हारसारख्या सार्वजनिक साठ्यात पुन्हा पहिल्यापासून भर घालावी लागली. पेटंट २० वर्षांनी संपतं. कुलुपातल्या साठ्याला मुदत नसते.

सुनावणी आता व्हिडिओवर होते. दाव्यांचे दोन संच तयार ठेवावेत, मुख्य आणि माघारीचा, कारण कंट्रोलर (निर्णय देणारा अधिकारी) समोरच विचारतो, ‘ही अट घालाल का?’ आणि तिथे ‘अशिलाला विचारून सांगतो’ म्हणणं वाया जातं. लेखी निवेदनाला १५ दिवस मिळतात. नकार आला तर २०२१ पासून अपील थेट उच्च न्यायालयात, तीन महिन्यांत.

सगळं पार पडून दावा मंजूर होतो तेव्हा तो साधारण असा दिसतो (व्हेक्टर म्हणजे जनुक पेशीत नेणारा डीएनए): ‘सीक्वेन्स आयडी क्रमांक ७चा पुनर्संयोजित व्हेक्टर, ज्यात क्रमांक ३चा कोडिंग भाग क्रमांक ५च्या प्रमोटरला कार्यक्षमपणे जोडलेला आहे.’ सुरुवातीच्या ‘वेगळा काढलेला डीएनए’पुढे तो किरकोळ वाटतो, आणि अर्जदाराचा चेहरा तसं सांगतोही. त्याला समजावून द्यावं लागतं की कुणीही ते जनुक वाचू शकतो, त्याची चाचणी करू शकतो, दुसऱ्या प्रमोटरला जोडू शकतो. आणि कलम ४७(३)मुळे मंजूर झालेला व्हेक्टरसुद्धा निव्वळ संशोधनासाठी किंवा विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी वापरायला कुणाची परवानगी लागत नाही.